मानाच्या क्रमाने

जेवणाच्या डब्याएवढं यंत्र त्रिशलाने पानमळ्याच्या बांधावर ठेवलं, तेव्हा मळ्याचे मालक तवनाप्पा चौगुले त्याच्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिले.

"आत न्यायचं न्हाई ना हे? न्यायचं असलं तर धुवून न्या."

"आत मी जाणार काका. हे इथंच बसतंय."

"तू जा. तू आपलीच हायस. पाय धू तेवढं."

त्रिशलाने चपला बांधाखाली काढल्या, दगडी हौदातल्या पाण्याने पाय धुतले आणि ती वेलींच्या आधाराला लावलेल्या शेवरीच्या झाडांच्या गर्द सावलीत शिरली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत मात्र गारवा होता. मिरजेच्या पूर्वेचं पानोळी हे तिचं गाव. इथलं विड्याचं पान लांब लांबच्या बाजारात जातं आणि पानमळ्याचे रिवाज इथे अजूनही पाळले जातात. चप्पल घालून आत जायचं नाही. आत थुंकायचं नाही. बाईने महिन्याच्या त्या दिवसांत बांध ओलांडायचा नाही. त्रिशला मगदूम वनस्पतिरोगांची डॉक्टर झाली, देशोदेशीच्या प्रयोगशाळा पालथ्या घालून आली, सांगलीच्या पीकरोग केंद्रात तिच्या हाताखाली दहा माणसं राबू लागली. पण मळा दिसला की चप्पल पायातून आपोआप निघायची.

कोपऱ्यातला पहिला वेल काळा पडून लोंबत होता. बुडाशी बोट लावलं तर साल चिखलासारखी हाताला आली. त्याच्या आजूबाजूच्या ओळी वर्षभरात वाळून गेल्या होत्या, त्यापुढच्या पिवळट पडल्या होत्या आणि पार टोकाच्या तेवढ्या अजून हिरव्या होत्या. गावात आतापर्यंत सात मळ्यांना हा रोग लागला होता आणि सातही ठिकाणी आधी पहिलाच वेल गेला होता. हे त्रिशलाला पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

तिने चमचाभर माती आणून यंत्राच्या तोंडात टाकली. यंत्राने ती गिळली आणि आत गुरगुरायला सुरुवात केली.

हे यंत्र म्हणजे 'मागोवा'. सहा देशांनी मिळून पिकांच्या रोगांवर पाळत ठेवणारं एक जाळं उभारलं होतं. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव कुणाच्याच लक्षात राहत नसे, म्हणून सगळे नुसतं 'जाळं' म्हणत. त्या जाळ्याचं नाक म्हणजे हा मागोवा. मातीत कोट्यवधी जीव असतात. त्यांतून एका रोगजंतूची जनुकं शोधायची, त्यातलं अक्षर न् अक्षर वाचायचं आणि जगभरातल्या नमुन्यांशी ताडून बघायचं, हे त्याचं काम. जंतू वाढताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चूक होते. एखादी लोणच्याची कृती आईने लेकीला सांगावी, लेकीने जावेला, जावेने शेजारणीला. कुठेतरी मेथी गळते, कुठेतरी गूळ वाढतो. मग बिनगुळाचं लोणचं खाल्लं की कळतं, ही कृती गूळ वाढायच्या आधी फुटलेली आहे. तसंच जंतूचं. चुका जुळवत गेलं की कोण कुणाकडून आलं याची वंशावळ मांडता येते.

पानोळीतला जंतू मात्र भलताच कावेबाज होता. दिसायला बुरशी, पण बुरशी नव्हे. नात्याने समुद्रातल्या तपकिरी शेवाळाला जवळचा. कोरड्यात तो जाड कवचाच्या गाठी करून गप पडून राहतो. पाणी मिळालं की कवच उघडतं आणि आतून दोन शेपट्यांचे जीव पोहत निघतात. त्यांना डोळे नसतात, पण मुळातून पाझरणाऱ्या साखरेचा वास येतो. त्या वासावर ते थेट मूळ गाठतात. बुडकूज पानवेलींना नवी नव्हती, पण हा वाण नवा होता आणि वेलीला द्यायच्या कुठल्याच औषधाला तो दाद देत नव्हता.

मागोव्याच्या पडद्यावर वंशावळ उमटली. त्रिशलाने ती सात मळ्यांच्या नकाशावर ठेवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. जंतू पाटाच्या पाण्याबरोबर गेला नव्हता, कारण पाट उताराने वाहतो आणि हा पठ्ठ्या चढाला गेला होता. बेण्याबरोबरही गेला नव्हता. त्या घरांत बेण्याची देवघेव नव्हती. गावाच्या वरच्या टोकाला पहिला, मग ओढ्यापलीकडे दुसरा, मग पुन्हा वर तिसरा. शेजारचे मळे सोडून लांबचे गाठले होते. आणि सातव्या, शेवटच्या जागी होता तिच्या वडलांचा मळा.

"काय म्हणतंय?" तवनाप्पांनी विचारलं.

"कुणाकडनं कुणाला लागला ते कळतंय काका. कसा लागला ते कळत न्हाई."

"मग कळलं काय?" तवनाप्पा म्हणाले आणि मळ्याकडे वळले.

त्यांचं बरोबर होतं. जाळ्याचा नियम सरळ होता. रोगाची वाट कळली तर वाटेवरचे तेवढेच मळे उपटायचे. वाट 'अज्ञात' राहिली तर ओढ्यापासून रेल्वेलाइनपर्यंतचा सगळा पट्टा साफ करायचा. शिवाय वेल उतरवायचा हंगाम तोंडावर आला होता. वर्षातून एकदा उंच गेलेले वेल खाली घेऊन त्यांची वेटोळी मातीत पुरतात, म्हणजे नवी मुळं फुटतात. गेल्या साली रोग पसरला तो या उतरणीनंतरच.

घरी आप्पा भाकरी थापत होते. बाळगोंडा मगदूम म्हणजे सत्तरीला आलेला, काटक आणि हट्टी माणूस. सून घर सोडून गेल्यापासून ते स्वतःच रांधत आणि कुणी मदतीला आलं तर त्याला परत पाठवत.

"सापडला का चोर?"

"चोर सापडला, आप्पा. वाट सापडत न्हाई."

"वाट मला म्हाईत हाय," तव्यावरची भाकरी उलटत आप्पा म्हणाले. "आपल्या उंबऱ्यातनं गेलीया."

त्यांचा रोख कुणावर आहे ते त्रिशलाला ठाऊक होतं. पद्मजा म्हणजे धाकट्या भावाची, जिनदत्तची बायको. गेल्या साली उतरण होऊन काही दिवस झाले होते, घरात कुणी नव्हतं आणि वासरू दावं तोडून मळ्यात घुसलं. पद्मजा धावत आत गेली आणि त्याला हाकलून आली. तिचा तो दुसरा दिवस होता. संध्याकाळी तिने आपणहून सांगितलं, कारण लपवावं असं तिच्या मनातच आलं नाही. पुढे महिन्याभरात वेल काळे पडायला लागले आणि आप्पा चारचौघांत म्हणाले, "मळा हिनं बाटवला." आप्पांच्या शब्दाला गावात वजन. बाकीच्या मळ्यांतही काळे वेल दिसायला लागले तशी त्यांचीही बला तिच्याच माथी आली. जिनदत्त बायकोला घेऊन मिरजेला गेला. बापलेक एकमेकांशी बोलायचे बंद झाले.

"आप्पा, आपला मळा साखळीत शेवटचा हाय. आपल्याकडनं कुणाकडं गेलंच न्हाई."

"यंत्र सांगतंय?"

"व्हय."

"यंत्राला वाट तर सापडत न्हाई म्हणतीस. मग माझी वाट खोटी कशी?"

त्रिशलाला राग आला. ताट न घेताच ती पुन्हा नकाशा उघडून बसली.

दुसऱ्या दिवशी ती मिरजेला गेली. पद्मजा एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला लागली होती. दुपारची सुट्टी होती. तिने चहा टाकला आणि त्रिशलाच्या हातातला मागोव्याचा सुटा पडदा सहज ओढून घेतला.

"हे काय ताई? गावाचा नकाशा?"

"रोग कुणाकडनं कुणाकडं गेला त्याची ओळ हाय. काही अर्थ लागत न्हाई बघ. वरनं खाली, खालनं वर. वेड्यासारखा फिरलाय."

पद्मजाने बोट ठेवत ठेवत ओळ वाचली. पाटील, चौगुले, खोत, मुळे... आणि ती हसायला लागली.

"अहो, ही तर मानाची ओळ हाय!"

"म्हणजे?"

"उतरणीला आप्पांना बोलावणं येतं न्हवं का पयल्या वेलाला हात लावायला? ते ह्याच क्रमानं येतं. पयला मान पाटलांचा. शेवट आपला."

हे त्रिशलाच्या लक्षात कसं आलं नाही याचं तिलाच नवल वाटलं. आप्पांच्या हाताला गुण आहे अशी गावाची श्रद्धा होती. त्यांनी पहिला वेल उतरवल्याशिवाय कुणी कामाला हात घालत नसे. पण उतरणीच्या दिवसांत ती कधी गावात नसायची. शाळेपासून हॉस्टेलला राहिलेली पोर ती.

"पण दुसरा मान खोतांचा असतो ना गं? इथं तर चौगुले आधी आलेत."

"गेल्या साली भांडण झालं की! पाटलांच्या लग्नात फेटा आधी कुणाला बांधला त्यावरनं. खोत रुसले, बोलावणं उशिरा धाडलं. म्हणून आप्पा आधी चौगुल्यांकडं गेले."

त्रिशला हातातला कप तसाच धरून बसली. जंतूला गावातला मानपान ठाऊक होता. फेट्यावरून झालेलं भांडणसुद्धा त्याच्या वंशावळीत आलं होतं.

"पद्मजा, आप्पा मळ्यात जातात तेव्हा नेमकं काय काय करतात? अगदी पहिल्यापासून सांग."

"पयल्यापासून म्हणजे... सगळे मळे होईस्तोवर पायात चप्पल घालत न्हाईत. अनवाणीच एका मळ्यातनं दुसऱ्यात. बांधावर घरची बाई त्यांचे पाय धुते. तांब्याचं घंगाळ असतं, त्यात ते पाणी धरायचं, आणि पयल्या वेलाच्या बुडाशी घालायचं. मान असतो तो. आपल्या मळ्यात मीच घातलं." ती थांबली. "पाय म्हणजे काय, टाचांना ह्या एवढाल्या भेगा. माती निघता निघत न्हाई."

 कोरड्या मातीत जाड कवचाच्या गाठी. पाणी मिळालं की त्या उघडतात. आणि ते पाणी कुठे ओतायचं, तर नेमकं मुळाशी. एखाद्याने प्रयोगशाळेत बसून रोग लावायची पद्धत ठरवली असती, तर याहून चांगली सुचली नसती.

"म्हणजे मी न्हवतेच," पद्मजा म्हणाली.

"नव्हतीस."

त्रिशलाला वाटलं होतं तिला आनंद होईल. पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं. "ताई, तुम्ही पयल्यापासून म्हणत होता, ह्यात काही तथ्य न्हाई. मी बी शिकलेली हाय, रक्त तपासते. पण खरं सांगू? कधीकधी रात्री जाग आली की वाटायचं, खरंच माझ्यामुळं गेला असंल का मळा? ते कुणी भरून देणार हाय?"

त्रिशलाने तिचा हात धरला. 

आता उरला होता एक प्रश्न. आप्पांच्या टाचेत हा नवा वाण आला कुठून? मागोव्याच्या वंशावळीत पानोळीच्या वरचा पूर्वज परदेशात, व्हिएतनाममधल्या मिरीच्या मळ्यात निघत होता. मिरी आणि पानवेल सख्ख्या चुलतबहिणी, त्यामुळे एकीचा रोग दुसरीला लागतो. त्या मळ्याचं काम बघणारी डॉ. लान ही त्रिशलाची जाळ्यातली जुनी मैत्रीण. दोघी आपापल्या भाषेत बोलत आणि कानातला दुभाषी दोघींना आपापल्या भाषेत ऐकवी. लानची मराठी मात्र अस्सल पुणेरी होती, त्याला इलाज नव्हता.

"गेल्या वर्षी जाळ्याने शेतकऱ्यांचा दौरा आणला होता, आठवतंय?" लान म्हणाली. "तुझे वडीलही आले होते. आम्ही सगळ्यांना बुटांवर घालायच्या पिशव्या दिल्या होत्या. मी काल त्या दिवसाचे फोटो काढून पाहिले. एक पाठवते. रागावू नकोस."

फोटोत मिरीच्या उंच वेलींमध्ये सहा देशांचे शेतकरी ओळीने उभे होते. सगळ्यांच्या पायांत निळ्या पिशव्या. एका टोकाला आप्पा होते. हात जोडलेले, डोळे वेलाकडे, आणि पाय उघडे. त्यांनी पिशव्यांसकट बूट बाहेर काढून ठेवले होते. वेलीचा मळा म्हटल्यावर माणूस पायताण घालून आत जाईल कसा?

त्रिशलाला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. परक्या देशातल्या वेलालाही बापाने आपल्या मळ्यातल्या वेलाचा मान दिला होता. दौऱ्याहून ते परतले आणि त्याच आठवड्यात उतरण सुरू झाली होती.

"लान, मला हे जाळ्यावर मांडायला पाहिजे."

"नाव लिहायचं नसतं. 'वाहक: माणूस' एवढंच."

"नाव लिहिलं नाही तरी गावात एकच माणूस आहे असा. आणि गावाला सांगितल्याशिवाय यंदाची उतरण थांबणार नाही." ती जरा घुटमळली. "वाट अज्ञात, असं लिहिलं तर?"

लानने आवाज खाली आणला. "आमचे साहेबही मला तेच सांगतायत. मूळ आमच्या मळ्यात आहे हे मी मांडलं, की आमची मिरी बंदरात अडकेल. दोघींनी अज्ञात लिहिलं तर कुणाला पत्ता लागणार नाही. तुझ्याकडचा सगळा पट्टा जाईल, आणि पुढच्या दौऱ्यात आमच्याकडून हा आणखी कुठे जाईल. ब्राझीलला, घानाला, कुठेही." मग ती म्हणाली, "मी एकटीने लिहायला घाबरते आहे, त्रिशला. तू लिहिणार असशील तर एकाच वेळी लिहू."

"मला आधी आप्पांशी बोलू दे."

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. फोटो बराच वेळ पाहिला. मग उठून त्यांनी परात आणली, तीत पाणी ओतलं आणि आपला पाय त्यात बुडवला.

"हे बगंल का तुझं यंत्र?"

"आप्पा, राहू द्या."

"बग म्हंतो न्हवं."

आप्पा रोज सकाळी अनवाणी आपल्या मेलेल्या मळ्यात जात. ते पाणी काही काळ गार जागी ठेवून त्रिशलाने त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, शेजारी निरोगी वेलाच्या मुळाचं टोक ठेवलं आणि बाजूला झाली. आप्पा वाकले. थेंबात बारीक जीव भिरभिरत होते. हळूहळू त्यांची गर्दी एका बाजूला सरकू लागली आणि थोड्या वेळाने सगळे मुळाच्या टोकाला जाऊन चिकटले.

"डोळं हायत का ह्यांना?"

"न्हाईत. वासावर जातात."

"आणि वाट चुकत न्हाईत," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता; जन्मभर मातीत राबलेल्या माणसाला मातीतलंच नवं काहीतरी दिसलं की वाटतं तसं नवल होतं. ते पुन्हा वाकले आणि पुन्हा बघत राहिले. मग खुर्चीत बसले तेव्हा मात्र एकदम थकलेले दिसले. "समद्यांच्या बायकांनी पाय धुतलं माझं. त्यांच्या हातनंच घातलं म्या हे."

"तुम्हाला काय ठाऊक, आप्पा?"

"ठाऊक नसलं म्हणून मळं परत येत्यात व्हय? बोलव गाव. मीच सांगतो."

"आणि पद्मजा?"

आप्पांचा चेहरा कठोर झाला. "ते येगळं. पायाचं पायापाशी. बाईच्या त्या दिवसांत मळ्यात जाऊ नये ते न्हाईच."

त्रिशला ताडकन उठली. "आप्पा, आत्ता डोळ्यांनी बघितलंत! थेंबात काय दिसलं? तिनं आणलेलं काही दिसलं का त्यात?"

आप्पा उठले. ते परात घेऊन बाहेर गेले, पाणी ओतायला वाकले, थबकले आणि परात तशीच घेऊन परत आले.

"हे कुठं ओतू?" त्यांनी विचारलं.

त्रिशलाने ते उकळायला ठेवलं.

सोसायटीच्या गोदामात गाव जमलं. आप्पांनी उभं राहून सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत. परदेशात अनवाणी गेलो, टाचेतून रोग आणला, ज्या ओळीने मान घेतला त्या ओळीने मळे मारले. खोतांचा थोरला ओरडला, "म्हणजे आमचा मळा तुमच्या पायानं गेला!"

"गेला," आप्पा म्हणाले.

एवढ्या सरळ उत्तरावर खोतांच्या पोराने वर केलेला हात खाली घेतला. तवनाप्पा चौगुले खाली बघत म्हणाले, "पाणी आमीच धरलं की घंगाळात. आमीच वतलं." कुणी मान डोलावली, कुणी तोंड फिरवलं. भिंतीशी बसलेल्या बायकांतून खोतांची शांताक्का उठली.

"बाळगोंडा, पायाचं सांगितलंस, बरं केलंस. आणि सुनंचं काय? तिला बोल लावलास, आमी बी लावला. त्येचं काय?"

आप्पा उभे होते ते खाली बसले. 

त्याच संध्याकाळी त्रिशला आणि लान यांनी आपापली नोंद एकाच वेळी जाळ्यावर मांडली. लानच्या मिरीची जहाजं अडली आणि तिच्या साहेबांनी तिच्याशी बोलणं सोडलं, हे तिने जरा हसतच सांगितलं. पण पानोळीचा पट्टा वाचला. उपटायचे ते सातच मळे ठरले. यंदाच्या उतरणीला पाय धुवायचं पाणी बंद झालं आणि प्रत्येक बांधावर पाय बुडवायला जंतुनाशक औषधाचा टब आला. घानामधून एकीने विचारलं, की कोकोच्या बागेत हंगामाचं पहिलं फळ तोडायला आमच्याकडेही एक म्हातारे गृहस्थ येतात, त्यांच्या पायांचं काय करू? सहा देशांतली शास्त्रज्ञ मंडळी जनुकं वाचता वाचता एकमेकांना विचारू लागली, तुमच्याकडे बागेत पहिलं पाऊल कुणाचं पडतं? त्रिशलाला या प्रश्नाची इतकी मजा वाटायची, की ती रात्रंदिवस उत्तरं वाचत बसे. आप्पांच्या गप्प चेहऱ्याकडे मात्र तिला बघवत नसे. घरात एक गोष्ट तशीच पडून होती.

पहिला मळा उपटायचा तो आपलाच, असा आप्पांनी हट्ट धरला. पांढऱ्या पोशाखातली केंद्राची माणसं यंत्रं घेऊन आली होती. गाव बांधाबाहेर उभं होतं. पण कुणी हात लावेना. मळा उतरवायचा असो की उपटायचा, पहिला हात पडल्याशिवाय मजूर पुढे होईनात आणि पहिला हात ज्यांचा, ते आप्पा औषधात पाय बुडवून पहिल्या वेलासमोर नुसते उभे होते.

जिनदत्तची रिक्षा रस्त्यावर थांबली. तो खाली उतरला आणि बापाकडे न बघता बाजूला उभा राहिला. त्याच्या मागून पद्मजा उतरली. तिला बोलावलं होतं त्रिशलाने. ती येईल याची मात्र खात्री नव्हती. चप्पल काढून तिने टबात पाय बुडवले, बराच वेळ बुडवून ठेवले. मग ती बांधापर्यंत आली आणि थांबली.

"आप्पा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज माझा दुसरा दिवस हाय. गेल्या साली बी सांगितलं होतं. आज बी सांगते."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. जिनदत्त एक पाऊल पुढे आला.  त्रिशलाला वाटलं, कशाला बोलावलं हिला, पुन्हा एकदा सगळ्यांदेखत तेच ऐकायला?

आप्पांनी सुनेकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे पाहिलं. ओल्या पावलांवरून औषधाचं गुलाबी पाणी निथळत होतं.

"दोनी पाय बुडवलंस?"

"दोन्ही."

"टाचा घासल्यास?"

"घासल्या."

आप्पांनी बांधाबाहेर जमलेल्या गावाकडे नजर टाकली. "गेल्या साली मी चुकलो," ते म्हणाले. "चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच सांगतो. तुझं काय बी न्हवतं त्यात."

 पद्मजा माफ केलं असं म्हणाली नाही.

"मग बांधावर का उभारलीयास?" आप्पा म्हणाले आणि पहिल्या वेलासमोरून बाजूला झाले. "आत ये. पयला हात तू लाव."

पद्मजाने बांध ओलांडला. मेलेला वेल दोन्ही हातांनी धरून तिने जोर लावला आणि तो मुळासकट वर आला.